पाइपातली हवा

जुना पिकअप सकाळपासून लेकीला छळत होता. दहा वेळा किल्ली फिरवावी तेव्हा कुठे सुरू व्हायचा, आणि मग धक्के खात चालायचा. तिने फिल्टर बदलला, बॅटरी तपासली, तरी गाडीचं रडगाणं चालूच. वडील गॅरेजच्या दारात खुर्चीवर बसून बघत होते. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून चार महिने त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

“आता डिझेलचा पंपच खोलते,” म्हणत तिने पाना उचलला.

“गाढव कुठली,” मागून जड आवाज आला. “पंप नाही. पाइप... हवा घेतोय.”

पाना तिच्या हातातून पडला. ती आईला बोलवायला धावणार, तोच त्यांनी गाडीकडे बोट केलं. “आधी... पाइप.”

डिझेलच्या पाइपाला क्लिपखाली केसाएवढी चीर होती. तिने पाइप बदलून आतली हवा काढली. इंजिन पहिल्याच किल्लीला सुरू झालं. मग ती घरात पळाली.

“आई, बाबा बोलले.”

आईने हातातलं काम टाकलं. “काय म्हणाले?”

“मला शिव्या घातल्या,” लेक डोळे पुसत म्हणाली.

आई हसू लागली. “म्हणजे बरे झाले गं ते.”