आपली वेणी आपणच

"परमुलखात चालली आहेस, आधी शेजार जोड," असं मावशीने इंदूरहून निघताना बजावलं होतं. बी.ए. झालेल्या शरयूने ते हसण्यावारी नेलं.

दिघीला, नवऱ्याच्या नोकरीच्या गावी, कोळणी रोज दुपारी एकीच्या पुढ्यात दुसरी अशा ओट्यावर बसत आणि एकमेकींच्या वेण्या घालत. आपली वेणी आपण घालायची नाही, अशी तिथली रीतच होती. शरयू मात्र तान्ह्या लेकीला मांडीवर घेऊन, दार लोटून, स्वतःच वेणी घाली. बोलावलं तर डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढी.

"आमच्या हाताला म्हावऱ्याचा वास येतो व्हय गो, कालेजवाले?" समोरची नीराबाई खवचटपणे ओरडे. बाकीच्या फिदीफिदी हसत. पुढे पुढे तर विहिरीवर तिला कुणी वाटही देईना.

एके दिवशी नीराबाई तरातरा घरात शिरली. "लई झाला तुझा तोरा!" म्हणत तिने शरयूला दंडाला धरून ओट्यावर आणलं, पुढ्यात दाबून बसवलं आणि केसांत बोटं घातली. उजव्या कानामागच्या टेंगळाशी ती बोटं थबकली. पलीकडे आणखी एक होतं, जुनं.

"मोरीत पडले," शरयू पुटपुटली.

"माझी लेक काशी पन सासरी मोरीतच पडायची," नीराबाई म्हणाली. "आता न्हाय ती."

&nbsp;

तुमच्या आळीत कुणी दार लोटून आपली वेणी आपणच घालत असेल, तर तिला एकदा पुढ्यात घेऊन बसा.