पुराची घंटा

घंटेचा दोर रविवारचा न ओढता पुराचा ओढला, तर तो ओढणाऱ्या टोलकाकांना घरावर घालायला पत्रे मिळणार होते, चर्चच्या पाळकसाहेबांना गर्दी आणि पाहुण्यांना फोटो. तोटा कुणाचाच दिसत नव्हता.

रविवारचा दोर म्हणजे सावकाश, एकेक ठोका, मध्ये श्वास घ्यायला जागा. पुराचा म्हणजे न थांबता, हात भरून येईपर्यंत. त्याचा अर्थ नदीकाठच्या त्या वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होता: हातातलं टाका आणि टेकडी चढा. मागच्या पुरात टोलकाकांनी तो तसाच ओढला होता. घरं गेली, माणसं वाचली. तेव्हापासून सगळी वस्ती टेकडीवरच्या शाळेत, फळ्याखाली चुली मांडून राहत होती.

पाळकसाहेबांनी मदतीसाठी एकही चर्च सोडलं नव्हतं. फोनवर विनवण्या करून करून त्यांचा आवाज बसला होता. प्रार्थना सगळीकडून आल्या. त्या ठेवायला जागा लागत नाही, एवढीच सोय. शेवटी शहरातल्या मोठ्या चर्चचे पाहुणे ट्रक घेऊन आले. टेकडीचा रस्ता वाहून गेलेला, म्हणून ट्रक खाली चर्चच्या आवारातच थांबला. बाकांवरचा चिखल अजून ओला होता.

रविवारचा दोर ओढून झाला. कुणी आलं नाही. बघून, हळहळून निघून जाणारे पाहुणे लोकांनी पुष्कळ पाहिले होते.

"माणसं कुठायत?" कॅमेरावाला पाहुणा म्हणाला. "रिकामे बाक दाखवले तर आमची मंडळी खिशात हात घालायची नाही, पाळकसाहेब."

पाळकसाहेब मनोऱ्याच्या माळ्यावर चढले. "टोलकाका, पुराचा ओढा."

"साहेब, त्याची चेष्टा करायची नसते."

"उपाशी माणसाला जेवायला बोलावणं ही चेष्टा? ओढा. पहिले पत्रे तुमच्या घराला, माझा शब्द."

टोलकाकांना शाळेच्या ओल्या फरशीवर खोकणारी बायको आठवली. त्यांनी दोर ओढला.

टेकडीवर लोक धडपडत बाहेर आले. नदी बघितली, ती गरीब गाईसारखी पडून होती. मग ट्रक बघितला. मग जे हाताला लागेल ते भांडं घेऊन सगळे उतारावरून सुटले. कॅमेरावाल्याला एवढी गर्दी एका फोटोत मावेना. घंटा थांबली आणि वाटप सुरू झालं.

टोलकाकांची बायको आली तेव्हा ट्रक झाडून झाला होता.

"घंटावाल्याची बायको आणि पातेलं कोरडं!" ती भर आवारात कडाडली. "तुमचीच घंटा ऐकून वर बसले मी. म्हटलं, पूर आलाय, खाली कशाला मरायला जाऊ?"

लोक हसले. टोलकाकाही हसले, कारण चारचौघांत बायकोपुढे दुसरं काय करणार.

"अगं बाई, तो अर्थ गेला आता. घंटा झाली की पातेलं उचलायचं आणि पळायचं. सगळ्यांच्या पुढे."

"शिकवाल तसं शिकते बापडी," ती म्हणाली आणि रिकामं पातेलं डोक्यावर पालथं घालून टेकडी चढली.

मोठ्या चर्चने धावणाऱ्या माणसांची ती फिल्म गावोगावच्या मंडळ्यांना दाखवली. ट्रक येऊ लागले. प्रत्येक ट्रकला पुराचा दोर, दोर थांबला की वाटप. लोक आता नदीकडे बघतही नव्हते, बघायचं ते पुढच्याच्या पाठीकडे. पाळकसाहेबांचा शब्दही खरा झाला. टोलकाकांच्या पडक्या भिंतीला नवे कोरे पत्रे टेकून उभे राहिले. पुढच्या आठवड्यात चढवायचे, असं नवराबायकोचं ठरलं.

त्या सकाळी आभाळ स्वच्छ होतं. पाळकसाहेबांचा फोन वाजला. दुसऱ्या चर्चचा फोन आपणहून यायची ती पहिलीच वेळ. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या गावाचे पाळक ओरडत होते: इकडे ढगफुटी झालीय, पाणी वेदीपर्यंत चढलंय, तुमच्याकडे यायला निघालंय.

खाली वस्तीत माणसं घरांतला चिखल उपसत होती. पाळकसाहेब आवारातूनच ओरडले. टोलकाकांनी दोर धरला आणि जन्मात ओढला नव्हता असा ओढला.

वस्तीतल्या माणसांनी फावडी टाकली. टेकडीकडे कुणी वळलं नाही. सगळे चर्चच्या आवारात शिरले. वरून, शाळेतून, भांड्यांचा खणखणाट उतरू लागला.

"मागे फिरा! वर जा, वर!" पाळकसाहेब दोन्ही हात हलवत होते. त्यांच्या बसलेल्या आवाजावर घंटा पडत होती, आणि लांबून हात हलवणारा माणूस बोलावतोय असंच वाटतं.

माळ्याच्या खिडकीतून टोलकाकांना सगळं दिसलं. वळणावरून येणारं तांबडं पाणीही दिसलं. त्यांनी चटका बसल्यासारखा दोर सोडला.

घंटा थांबली. म्हणजे वाटप सुरू झालं. लोक आणखी जोरात धावले.

मोठ्या चर्चमध्ये ती पहिली फिल्म अजून दाखवतात. मदत भरपूर जमते. पाहुण्यांना फोटो मिळाले, पाळकसाहेबांना गर्दी मिळाली, टोलकाकांना पत्रे मिळाले. या सगळ्याची किंमत मोजली ती जे पुढे धावले त्यांनी. आणि सगळ्यांच्या पुढे, शिकवलं होतं तशी, पातेलं घेऊन टोलकाकांची बायको होती.