चार नंबरची खिडकी

थेट प्रक्षेपण सुरू व्हायला दोन मिनिटं होती. अंतराळस्थानकात तरंगणाऱ्या हेमलताने खाली पृथ्वीवरच्या कार्यालयाने पाठवलेला कागद पुन्हा वाचला. ‘इथून देशांच्या सीमा दिसत नाहीत,’ असं तिने हसून म्हणायचं होतं. तिने कागद चुरगाळून फेकला. तो भिंतीवर आपटून पुन्हा तिच्याच नाकासमोर आला, तशी ती आणखी भडकली.

अकोट सोडून, परक्या देशातल्या प्रयोगशाळांत सव्वीस वर्षं घासून ती इथवर पोचली होती. उड्डाण बघायला आईने यावं, एवढंच तिने त्या देशाकडे मागितलं होतं. व्हिसाच्या चार नंबरच्या खिडकीतल्या साहेबाने आईला विचारलं, “किती दिवस राहणार?”

“लेक खाली उतरेपर्यंत,” आई म्हणाली. सहा महिने आभाळात राहणाऱ्या लेकीची आई दुसरं काय सांगणार? परतीची तारीख नाही म्हणून साहेबाने अर्ज फेटाळला.

कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला. खालून निवेदकाने लाडात विचारलं, “तिथून एकही सीमा दिसत नसेल, नाही?”

“माझ्या आईला विचारा,” ती म्हणाली. “चार नंबरच्या खिडकीत तिने अगदी जवळून पाहिलीय.”