तीन खऱ्या, एक खोटी

"तीन गोष्टी खऱ्या सांगायच्या, काकू. चौथी मी घालणार, खोटी," ज्ञानदा म्हणाली. "सरांना मात्र चारही तुम्हीच सांगितल्यात असं वाटलं पाहिजे."

रंभाबाईच्या हातातलं लाटणं थांबलं.

ज्ञानदा खालच्या मजल्यावरची पोरगी. मानसशास्त्रात पीएच.डी. करत होती. कधी न घडलेली गोष्ट माणसाला घडल्यासारखी कशी आठवते, हा तिचा विषय. चार वेळा नीट सांगितलं तर शिकलीसवरलेली माणसंही न घडलेलं शपथेवर सांगतात, असं तिचं म्हणणं. जुळे सोलापुरातल्या त्या इमारतीतली बरीच माणसं तिनं अशी अजमावून पाहिली होती. आता नजर रंभाबाईच्या लेकावर होती.

लेक म्हणजे आदिनाथ, कॉलेजात इतिहास शिकवणारा. त्याच्या स्मरणशक्तीचा डंका सगळ्या कॉलनीत. जुना विद्यार्थी रस्त्यात भेटला की हा त्याचं नाव, गाव आणि वर्गात तो कुठल्या बाकावर बसायचा तेही सांगणार. आणि रंभाबाईला त्याचा अभिमान इतका, की भाजीवाल्याला लेकाचं कौतुक ऐकवल्याशिवाय तिची कोथिंबीर घेऊन व्हायची नाही.

"त्येला फसवायचंय व्हय?"

"फसवायचं नाही, पाहायचंय. बाकीचे बरेच फसलेत."

"माजा न्हाय फसायचा," रंभाबाई ताठ मानेनं म्हणाली.

"मग सांगा. चार वर्षांच्या आतलं हवं. तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं."

रंभाबाईनं हाताचं पीठ झटकलं आणि सुरू केलं. गोऱ्ह्याची शेपटी धरली तर त्यानं पोराला अंगणभर फरफटवलं, ते. बापाच्या खांद्यावर बसून ओढ्याचा पूर पाहिला, ते. हुरडा भाजायच्या आगटीत हात घातला, तळहातावर डाग अजून हाय, ते. कुठं अडखळणं नाही, आठवायला थांबणं नाही.

"किती छान सांगता हो," ज्ञानदा म्हणाली.

"रोज निजताना ह्याच तर सांगायची त्येला. गोष्टीबिगर झोपायचा न्हाय. लई रडायचा."

"हे आणखी कुणी पाहिलंय? ताडून बघावं लागतं."

"कोन ऱ्हायलंय आता? मालक गेलं. माढ्याकडचं गाव ह्यो चार वर्सांचा आसतानाच सुटलं, माळशिरसला उसाच्या कामावर आलो आमी."

"बरं, तुमच्या शब्दावर. आता माझी खोटी ऐका. चार वर्षांचे असताना सर संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत हरवले. पाळण्याखाली रडत होते. एका अनोळखी बाईनं त्यांना बत्तासे दिले आणि पोलीस चौकीत नेलं. असं कधी झालं नाही ना? झालं असेल तर ही चालणार नाही."

तव्यावरची शेंगापोळी करपायला लागली. वास आला तशी रंभाबाईनं ती उलटली.

"न्हाय. माजं पोर कदी हरवलं न्हाय. पर हीच कशाला? दुसरी घाल की एकादी."

"सगळ्यांना हीच घालते. सोलापुरात गड्ड्यात हरवणं कुणालाही खरं वाटतं."

नाही म्हणायचं कसं? लेकाची हुशारी तीच तर गावभर सांगत फिरत होती. आता तोच फसला तर? ज्ञानदा दोनदा येऊन आदिनाथशी बोलून गेली. तिसऱ्या दिवशी जेवताना तो मध्येच थांबला.

"आई, बत्तासे बघितले की मला कसंतरी होतं. का गं?"

"जेव गप," रंभाबाई म्हणाली. त्या रात्री तिचा डोळा लागला नाही.

रविवारी ज्ञानदा शेवटचं विचारायला आली. आदिनाथनं तासाला उभं राहिल्यासारखा घसा साफ केला.

"गोऱ्हा तांबडा होता, कपाळावर पांढरा ठिपका. सोन्या म्हणायचो आम्ही त्याला. पुराच्या दिवशी वडलांचं मुंडासं भिजलं होतं, त्याचा वास अजून नाकात आहे. आणि आगटीत हात भाजला तेव्हा आईनं तो ताकात बुडवला होता."

रंभाबाई बघतच राहिली. ठिपका, मुंडासं, ताक, यातलं तिनं ज्ञानदाला काहीच सांगितलं नव्हतं.

"आणि गड्डा?"

रंभाबाईनं पदर मुठीत घट्ट धरला.

आदिनाथ हसला. "मधे दोन दिवस पार डळमळलो होतो. पाळणासुद्धा दिसायला लागला होता. मग डोक्यात प्रकाश पडला. आई मला गड्ड्यात कधी नेतच नव्हती. सगळी गल्ली जायची, मी रडून गोंधळ घालायचो, तरी नाही. ती गोष्ट तुझी, ज्ञानदा. बाकीच्या तीन माझ्या."

"सर, असं उत्तर मला आजवर कुणी दिलं नाही," ज्ञानदा म्हणाली. "काकू, तुम्ही म्हणालात तेच खरं झालं."

"मग? खोटं काही माझ्यात शिरत नाही," आदिनाथ म्हणाला आणि त्यानं आईच्या खांद्यावर हात टाकला.

रंभाबाईचा ऊर भरून आला. "लेक कुनाचा हाय," ती म्हणाली आणि डोळे पुसत पोळ्या आणायला आत गेली.

गड्ड्यात ती त्याला कशी नेणार होती? मूल होऊ दे म्हणून नवस बोलायला ती आणि मालक तिथं गेले होते, तेव्हा पाळण्याखाली रडणारं ते चारेक वर्षांचं पोर तिच्या लुगड्याला येऊन बिलगलं. तिनं त्याला बत्तासे दिले, चौकीवर नेलं. जत्रा उठेपर्यंत भोंग्यावरून पुकारा होत राहिला, कुणी आलं नाही. तरी पुढं दर संक्रांतीला तिला वाटायचं, त्याची आई अजून तिथं त्याला शोधत असेल.