रिसॉर्टमधला कोंबडा

कोंबडा नेमका व्हिडिओ कॉल चालू असतानाच आरवला.

"आई, रिसॉर्टमध्ये कोंबडा?" पुष्करने नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पच्या घरून विचारलं.

"रेकॉर्ड लावतात रे. वातावरणनिर्मिती," मालिनीबाईंनी ठोकून दिलं आणि कॅमेरा आभाळाकडे वळवला. "बरं, ठेवते आता. जेवायला थांबलेत सगळे."

एकसष्ठीची भेट म्हणून लेकाने त्यांना आठवडाभर कुरासाव बेटावर पाठवलं होतं. कॅरिबियन समुद्र, पंचतारांकित रिसॉर्ट, मनगटाला पट्टी बांधली की खाल तेवढं आणि प्याल तेवढं. त्याला स्वतःला रजा नव्हती. "रिसॉर्टबाहेर एकटी पडू नकोस," एवढं वचन त्याने घेतलं होतं. ते मोडल्याचं कळलं तर तो पुढच्या विमानाने न्यायला येईल आणि पुन्हा कोपऱ्यावरच्या दुकानातही एकटीला सोडणार नाही, हे मालिनीबाई ओळखून होत्या.

वचन एक दिवस टिकलं. त्या दिवशी त्या साडी नेसून पोहण्याच्या तलावाकाठी एकट्या बसल्या आणि वेटर दर दहा मिनिटांनी येऊन 'सगळं ठीक ना?' विचारून गेला. दुसऱ्या दिवशी कापडी पिशवी घेऊन त्या गावच्या साध्या बसमध्ये चढल्या. शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचं, बेट बघायचं, परतायचं, इतकाच बेत. पण परतीची शेवटची बस चुकली. स्टॉपवर भेंड्या विकणाऱ्या इर्मिनाबाईंनी हातानेच खूण केली, चल. त्यांच्या घरामागे पाहुण्यांना स्वस्तात द्यायची एक पत्र्याची खोली होती. मालिनीबाई एका रात्रीसाठी गेल्या आणि पाच राहिल्या.

दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण त्यावाचून काही अडलं नाही. इर्मिनाबाई भेंडीचं सूप चांगलं बुळबुळीत करायच्या. जन्मभर तार सुटू न देता भेंडी परतलेल्या मालिनीबाईंचा ते बघून जीव कासावीस व्हायचा. शेवटी त्यांनी कढईच ताब्यात घेतली. पहिल्या दिवशी शेजारची चार माणसं चव बघायला आली, दुसऱ्या दिवशी अकरा. कुणी टेम्पोत पुढे बसवून त्यांना समुद्रावर नेलं, कुणी आपल्या नातीच्या वाढदिवसाला. 'सगळं ठीक ना?' असं मात्र कुणीच विचारलं नाही. त्या माणसांचे उपकार कसे फेडायचे हे न सुचून मालिनीबाई रोज निजताना त्यांची नावं एकेक करून देवाला सांगत. आणि रोज दुपारी एकला फोन आला की रिसॉर्टच्या जेवणातले पदार्थ मनाने रचून लेकाला ऐकवत.

शेवटच्या दिवशी त्यांनी रिसॉर्टमधली बॅग उचलली आणि विमान गाठलं. ॲमस्टरडॅमच्या शिफोल विमानतळावर पुष्कर घ्यायला आला होता. हूफडॉर्पच्या बसमध्ये बसल्यावर मात्र त्यांना राहवेना.

"पुष्कर, मी तुझ्याशी खोटं बोलले. मी त्या रिसॉर्टमध्ये राहिलेच नाही."

"माहितीये," तो म्हणाला. "चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला होता. तुमच्या आईच्या पलंगावर दोन रात्री कुणी झोपलेलं नाही, पोलिसांत कळवू का म्हणून. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. तिकीट शोधून ठेवलं आणि तुला फोन लावला, न्यायला येतोय म्हणून सांगायला."

मालिनीबाईंचा चेहरा उतरला. "मग आला का नाहीस?"

पुष्करने आईचा हात हातात घेतला.

"बाबा गेल्यापासून मी रोज ऑफिसातून फोन केला की तू म्हणायचीस, 'एवढ्यात ठेवतोस?' आई, त्या दिवशी 'जेवायला थांबलेत सगळे' म्हणून फोन तू ठेवलास."