जास्तीचं हाड

सासरे नातीला सायकल शिकवत असताना ती वळणावर उजव्या कुशीवर आपटली. एक्स-रेत खुब्याच्या खोबणीशी हाडाचा सुटा तुकडा दिसला. “तुमच्या हौसेपायी माझी पोर लंगडी होणार!” सून फाडकन बोलली. सासरे लेकीकडे राहायला गेले. वर्षभराने दुसऱ्या डॉक्टरांनी तोच एक्स-रे पाहिला. “हे मोडलेलं नाहीच. काहींना खुब्यापाशी असं जास्तीचं हाड असतं. डाव्या बाजूलाही आहे, बघा.” सून तडक नणंदेच्या घरी गेली. “बाबा हल्ली सगळं विसरतात,” नणंद दारातच म्हणाली. सुनेने एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. “बाबा, काहीच मोडलं नव्हतं. मीच चुकले. घरी चला.” “खरंच?” म्हणत सासरे घळाघळा रडले. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी चाचरत विचारलं, “सूनबाई, पोरीचं हाड जुळलं का गं?” संध्याकाळपर्यंत तिने पाचदा सांगितलं, पाचही वेळा ते नव्याने रडले.