आजी बरी हाय

"आत्यानं आजीचं इचारलं तर काय सांगायचं?" विमानातला पट्टा लावता लावता दत्तानं पोरीला पुन्हा विचारलं.

"आजी बरी हाय. गुडघे दुखत्यात. फोनवर तिला ऐकू येत न्हाई." वैष्णवीनं पाठ केलेली कविता म्हणावी तसं सांगितलं.

"शाब्बास. आन् रडायचं न्हाई."

पलीकडच्या खुर्चीवर तिची आई, शितल, डोळे मिटून बसली होती. "वन्संना सोताच्या आईचं कळू नये, हे मला काय पटत न्हाई बघा," ती तशीच म्हणाली. दत्तानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तळेगाव ढमढेऱ्यात सगळ्यांना एवढंच माहीत होतं, की पोर सुट्टीला आत्याकडं जर्मनीला चालली आहे. वर्गातल्या मुलींनी चॉकलेटं सांगितली होती. वैष्णवीला मात्र विमानात बसल्याचाही आनंद होत नव्हता.

ऐन थंडीत तिची आजी, साखरबाई, गेली. त्याच आठवड्यात तिकडं सुवर्णाआत्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. धक्का बसेल असं काही तिच्या कानावर घालू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दत्ता तेच धरून बसला. आजीला अंगणात ठेवलं होतं तेव्हाच त्यानं भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बहिणीचा नंबर काढायला लावला, श्रद्धांजलीचे फोटो तिच्यापर्यंत पोचायला नकोत म्हणून. पुढं आज सांगू, उद्या सांगू करत उन्हाळा आला.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. बाभळीवर नुसता बसून राहिला. ऊन चढलं, पाहुणे घड्याळं बघायला लागले. चुलत्यांनी म्हातारीच्या गायीची जबाबदारी घेतली, नातीच्या लग्नाचं कबूल केलं, तरी तो हलेना. शेवटी दत्ता हात जोडून पुढं झाला. "आई, सुवर्णाला भेटून येतो. तुझ्या नातीला संगं नेतो." तेव्हा कुठं कावळा खाली उतरला. आईला कशाची ओढ लागली होती, ते सगळ्यांनाच कळलं. त्या दिवशी दत्ता घाटावरच बसून ओक्साबोक्शी रडला.

आणि आता शब्द पाळायला ही तिकिटं काढली होती.

सुवर्णाआत्या फार वाळली होती. तिनं वैष्णवीला पोटाशी धरलं ते सोडेचना. आत्याचे यजमान, संपतमामा, रांजणगावच्या कारखान्यातून बदली होऊन तिकडं गेलेले. त्यांनी सामान आत नेलं. चहा झाला.

"आई कशी हाय रे?" आत्यानं विचारलं.

दत्ता कपात बघत म्हणाला, "बरी हाय. गुडघे दुखत्यात."

"व्हय. थंडी तिला सोसायचीच न्हाई," आत्या म्हणाली आणि बशा उचलून आत गेली.

दत्तानं सुस्कारा सोडला. इतकं सोपं जाईल असं त्याला वाटलं नव्हतं.

शितलनं जवसाच्या चटणीची बरणी काढून दिली. ती तिनंच कुटली होती, पण आजीनं दिली म्हणून सांगायचं ठरलं होतं. आत्यानं झाकण उघडून वास घेतला. "आईच्या उखळातली ना?" एवढंच म्हणाली आणि बरणी कपाटात मागं सारून ठेवली.

मग सुट्टी सुरू झाली. तळं झालं, किल्ला झाला, बर्फाचा डोंगर लांबून बघून झाला. फोटोत सगळे हसत होते. वैष्णवीला आइस्क्रीम मिळालं की वाटायचं, आता आत्या विचारणार, आणि आइस्क्रीम तोंडात फिरायला लागायचं. आत्या विचारायची शाळेचं, मैत्रिणींचं, दारातल्या शेवग्याचं. आजीचं नाही. एकदाही तिनं आईला फोन लावून दे म्हटलं नाही. त्यामुळं वैष्णवीला आणखीच भीती वाटायची. इतक्या मायेच्या माणसाशी तिला रोज खोटं वागावं लागत होतं.

रोज सकाळी आत्या पोळीचा पहिला तुकडा गॅलरीच्या कठड्यावर ठेवायची.

"कुणाला गं आत्या?"

"पाखरांना. इथली पाखरं न्हाई खात, पर मी ठिवते."

संपतमामा कुरकुरायचे. घरमालकाला चालत नाही म्हणायचे. आत्या ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तुकडा ठेवायची.

निघायच्या आदल्या दिवशी आत्या आंघोळीला गेल्यावर शितलनं विषय काढला. "आज तरी सांगा."

"तिचा चेहरा बघितला का?" दत्ता म्हणाला. "हिला काय झालं तर मी कुणाला तोंड दावू? दाजी, तुम्हीच सांगा."

"मला धीर होत न्हाई," संपतमामा म्हणाले. "अजून थोडे दिस जाऊ द्या."

वैष्णवी दाराशी उभी राहून ऐकत होती. मोठी माणसं इतकी घाबरलेली तिनं कधी पाहिली नव्हती.

विमानतळावर दत्ता आणि शितल बॅगांच्या रांगेत उभे राहिले. संपतमामा गाडी लावायला गेले. आत्या वैष्णवीला घेऊन बाकावर बसली.

"बारशाला तुझ्या कानात तुझं नाव मीच सांगितलं हुतं," आत्या म्हणाली. "समद्यांनी माझ्या पाठीत धपाटे घातले. आई तर हसून हसून लाल झालेली."

वैष्णवीनं मान हलवली. डोळे भरून येत होते, पण रडायचं नाही असं ठरलं होतं.

"मी एक इचारू? खरं सांगशील? बापाला न्हाई सांगायचं. त्याला वाटतंय मला काय ठाव न्हाई. वाटू दे, तेवढाच त्याच्या जिवाला आधार."

वैष्णवीच्या घशात ते पाठ केलेलं वाक्य तयार होतं. आजी बरी हाय. गुडघे दुखत्यात.

आत्या वाकली, बारशाला धरला असेल तसा तिच्या कानाशी हाताचा आडोसा धरला आणि कुजबुजली, "आईच्या दहाव्याला कावळा लगीच शिवला का गं?"